‘शाळा नसती तर’ : खऱ्या ठरलेल्या एका निबंधाचा आढावा

मराठी निबंधमालांमध्ये काही विषय पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहेत. ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘परीक्षा नसत्या तर’, आणि सगळ्यांचा लाडका ‘शाळा नसती तर’. यांचा साचाही ठरलेला असतो. आधी मजा, मग कंटाळा आणि शेवटच्या परिच्छेदात शाळेचं महत्त्व. मार्च २०२०च्या मध्यात हा विषय कल्पनेतून उठून दारात येऊन उभा राहिला. राज्यातल्या शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांची कुलपं निघायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. हा वीस महिन्यांहून मोठा काळ होता. लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यात जून २०२०मध्ये ज्या मुलाचं नाव पहिलीच्या हजेरीपटावर चढलं, ते वर्गात बसलं तेव्हा दुसरीचंही अर्धं वर्ष सरलं होतं. हा निबंध ज्यांनी खरोखर जगून पाहिला, त्यांच्या हातून तो कितपत लिहिला गेला? साथीच्या काळात लहान मुलांनी चित्रांतून आणि लेखनातून काय सांगितलं, यावर जगभर बराच अभ्यास झाला. त्यातून काय हाती लागतं आणि लातूर जिल्ह्याच्या या टोकाला ते कितपत लागू पडतं, हे इथे पाहायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : मुलाच्या चित्राचं मोल कागदावर असतं त्याहून जास्त त्या कागदाभोवती होणाऱ्या बोलण्यात असतं. रंग आणि वह्या तर साथीने हिरावल्याच, पण त्याहून मोठं नुकसान झालं ते चित्र बघून ‘हे काय रे?’ असं विचारणारं माणूस दूर गेल्याचं.

आपत्ती मराठवाड्याला नवी नाही आणि आपत्तीची नोंद कशी ठेवायची, हेही इथल्या यंत्रणेला पाठ आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने हादरला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. अशा प्रत्येक वेळी पंचनामा होतो. त्यात पडलेल्या भिंती, दगावलेली जनावरं, बाधित हेक्टर, मृतांचे वारस यांचे रकाने असतात. मुलांकडे कुणी पाहिलंच नाही असं नाही. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. ते काम मोठं होतं. पण मूल वाचलं, त्याची सोय लागली, एवढ्यावर आपली नोंद थांबते. त्याला काय वाटलं, यासाठी पंचनाम्यात रकाना नाही. कोरोनाचा हिशेबही त्याच वळणाने गेला. रुग्ण, खाटा, ऑक्सिजन, लशीचे डोस हे सगळं मोजलं गेलं. जुलै २०२१मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार एप्रिल २०२१अखेर जगभरातल्या पंधरा लाखांहून अधिक मुलांनी आई, वडील, सांभाळ करणारे किंवा घरात सोबत राहणारे आजी-आजोबा गमावले होते आणि भारतात अशी मुलं एक लाखाच्या वर होती. ही मोजणी आवश्यकच होती. पण तिच्यात प्रत्येक मूल म्हणजे एक आकडा. त्या आकड्याच्या आतल्या बाजूने जग कसं दिसलं, ते सांगायची साधनं सहा वर्षांच्या मुलाकडे मोजकी असतात. खेळ, बडबड, चित्र आणि जमेल तसं चार ओळींचं लेखन.

ही साधनं गंभीरपणे घ्यावीत, हा विचार युद्धांनी शिकवला. स्पेनच्या यादवी युद्धात विस्थापित झालेल्या मुलांची चित्रं १९३८मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि त्याला ऑल्डस हक्सलेने प्रस्तावना लिहिली. त्याहून बोलकं उदाहरण तेरेझीनच्या नाझी छावणीचं आहे. फ्रीडल डिकर-ब्रँडाईस या चित्रकर्तीने तिथे मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेतले. १९४४मध्ये आउश्वित्झला पाठवलं जाण्याआधी तिने मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये दडवून ठेवली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. काढणाऱ्यांपैकी बहुतेक मुलं मारली गेली. या कथेतली करुणा सगळ्यांना दिसते, पण शिक्षकाने पाहायची गोष्ट निराळी आहे. ‘छावणीतलं दुःख काढा’ असा विषय देऊन ती बाई थांबली नव्हती. ती रेषा, रंग, रचना शिकवत होती, वर्ग नेमाने भरवत होती आणि चित्रावर मुलाचं नाव असेल याकडे लक्ष देत होती. मुलांनी फुलं काढली, फुलपाखरं काढली, मागे राहिलेली घरं काढली आणि छावणीही काढली. व्यक्त होणं त्या नेमातून आलं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं तेरावं कलम मुलाच्या अभिव्यक्तीच्या अधिकारात बोलणं आणि लिहिणं यांच्याबरोबर कलेचंही नाव घेतं. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२मध्ये मान्य केली. म्हणजे किल्लारीच्या भूकंपापूर्वीच.

कोरोनाकाळात या परंपरेला एकदम उधाण आलं. इटलीत मुलांनी इंद्रधनुष्यं रंगवून गॅलऱ्यांवर आणि खिडक्यांत लावली. पुढे ती लाट युरोपभर पसरली. स्पेनच्या उत्तर भागात संशोधकांनी ३ ते १२ वयाच्या २२८ मुलांना कोरोना म्हटल्यावर मनात काय येतं, ते विचारलं. मुलांना विषाणू शत्रूसारखा वाटत होता, भीती होती, एकटेपणा होता, कंटाळा आणि रागही होता. पण त्याच मुलांनी घरच्यांबरोबर राहायला मिळाल्याचा आनंद आणि सुरक्षित वाटणंही सांगितलं. या निष्कर्षात चटकन सनसनाटी वाटेल असं काही नाही आणि तेच त्याचं महत्त्व आहे. मोठ्यांना मुलांच्या मनात एकच भावना हवी असते. मूल एक तर घाबरलेलं असावं, नाहीतर ‘त्याला काय कळतंय’ म्हणून मजेत असावं. प्रत्यक्षात बाप दिवसभर घरी आहे याचा आनंद आणि बाप घरी का आहे याची धास्ती एकाच दुपारी एकाच मनात नांदतात. निबंधाच्या तीन परिच्छेदांच्या साच्यात ही सरमिसळ बसत नाही. चित्राच्या एका पानावर मात्र ती सहज शेजारी शेजारी उभी राहते.

आता आपल्याकडे काय झालं ते पाहू. टाळेबंदीनंतर पुण्या-मुंबईहून गावी परतलेल्यांना गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये विलगीकरणात ठेवलं गेलं. मुलाच्या नजरेने हे दृश्य कसं असेल? ज्या वर्गात आपण पाढे म्हणायचो, तिथे सतरंजीच्या जागी वळकट्या पडल्या आहेत, व्हरांड्यात परकी माणसं बसली आहेत, त्यांतच आपला काकाही आहे आणि त्याला फाटकाबाहेरूनच डबा द्यायचा आहे. फोन लावला की आधी खोकला ऐकू येतो. एका रविवारी संध्याकाळी पाचला सगळ्यांनी थाळ्या बडवल्या, पुढे एका रात्री दिवे घालवून पणत्या लावल्या, आणि त्यानंतर शेजारी कुणी वारलं तर दाराशी माणसंच जमेनात. मुलाने विचारावं असं एवढं सगळं भोवती घडत असताना विचारायची जागाच गेली होती. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला मोबाइलवर चालवली, जुलै २०२०पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, अनेक शिक्षक पारावर, ओसरीवर मुलांना भेटत राहिले. पण महाराष्ट्रासह पंधरा राज्यं व केंद्रशासित प्रदेशांत ऑगस्ट २०२१मध्ये वंचित कुटुंबांची जी पाहणी झाली, तिच्यानुसार ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं फक्त ८ टक्के होती आणि ३७ टक्के मुलं अजिबात शिकत नव्हती. जे सुरू होतं तेही बहुतांशी एकेरी. पडद्यावरून मुलाकडे धडा यायचा, मुलाकडून पडद्याकडे काही जायची वाट अरुंद होती.

त्या अरुंद वाटेने जे गेलं, ते बहुतेक स्पर्धांमधून गेलं. ऑनलाइन चित्रकला, निबंध आणि घोषवाक्य स्पर्धांचा तेव्हा राज्यभर सुकाळ होता. विषय बहुधा ‘कोरोना जनजागृती’. त्यातलं एक नेहमीचं चित्र जवळून पाहण्यासारखं आहे. मधोमध पृथ्वीचा गोळा, तिच्या तोंडावर मास्क आणि गालावरून ओघळणारा अश्रू. एका बाजूला स्टेथोस्कोपवाले डॉक्टर, दुसरीकडे काठीवाला पोलीस. वर काटेरी चेंडूंचा पाऊस, खाली ‘घरी राहा, सुरक्षित राहा’. तो काटेरी चेंडू अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या चित्रकारांनी २०२०च्या सुरुवातीला तयार केला आणि महिन्याभरात तो जगातल्या प्रत्येक टीव्हीवर आला. म्हणजे या चित्रातला विषाणू अमेरिकेतला, घोषणा सरकारची आणि पृथ्वीचा अश्रू पर्यावरण दिनाच्या जुन्या पोस्टरवरचा. मुलाचं काय? रंग भरण्यातली सफाई. हे काही नवं नाही. ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की आपल्याकडची मुलं दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड काढतात. सोयाबीन-तुरीच्या रानात वाढलेलं, नारळ फक्त देवळात फुटताना पाहिलेलं मूलही तेच काढतं. कारण ‘चित्र’ म्हणजे ते, असं त्याला शिकवलेलं असतं. साथीत हाच साचा डोंगराऐवजी विषाणू घेऊन आला, आणि या पोस्टरांच्या ढिगाला मुलांच्या भावनांचा दस्तऐवज म्हणणं म्हणजे आपलाच आवाज परत ऐकून मुलं बोलली असं समजणं आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. साचा असो नसो, जाणकाराला चित्रातून मन वाचता येत नाही का? हा मोह जुना आहे. फ्लॉरेन्स गुडइनफने १९२६मध्ये मुलाने काढलेल्या माणसावरून बुद्धी मोजायची कसोटी केली. पुढे कॅरेन मॅकोव्हरने १९४९मध्ये व्यक्तिमत्त्व, तर एलिझाबेथ कॉपिट्झने १९६८मध्ये भावनिक अडचणी चित्रातल्या खुणांवरून ओळखण्याच्या पद्धती मांडल्या. हात नसलेला माणूस, कोपऱ्यातली बारकी आकृती, काळा रंग अशा खुणांचे अर्थ लावले गेले. नंतरच्या पडताळणीत एकेका खुणेवरून केलेली अशी निदानं फारशी टिकली नाहीत. त्याचं कारण कुठल्याही पहिलीच्या वर्गात कळतं. तेलखडूच्या डबीत पिवळा आणि लाल आधी झिजतात, काळा आणि तपकिरी उरतात. अशा वेळी काळं आभाळ हे मुलाच्या मनापेक्षा डबीच्या स्थितीबद्दल जास्त सांगतं. मग चित्राचा उपयोग काय? ज्युलियन ग्रॉस आणि हार्लीन हेन यांनी १९९८मध्ये ३ ते ६ वर्षांच्या मुलांवर केलेले प्रयोग याचं उत्तर देतात. आनंदाच्या, भीतीच्या, दुःखाच्या प्रसंगाबद्दल नुसतं सांगायला लावलेल्या मुलांपेक्षा चित्र काढता काढता सांगणाऱ्या मुलांनी जवळपास दुप्पट माहिती दिली. चित्रं स्वतः फारसं सांगत नव्हती, चित्र काढताना मुलं सांगत होती. हात गुंतला की नजरेला नजर द्यावी लागत नाही, आठवणीला खुंटी मिळते आणि मोठ्या माणसालाही गप्प बसायला निमित्त मिळतं. अर्थात विचारणाऱ्याने उत्तर सुचवणारे प्रश्न विचारले, तर चित्र काढता काढता मूल न घडलेलंही सांगू शकतं, असंही पुढच्या संशोधनात दिसलं. म्हणून ‘तू घाबरलास ना?’ हा प्रश्न वाईट आणि ‘इथे काय चाललंय?’ हा चांगला.

लेखनाचा प्रश्न आणखी नाजूक आहे, कारण तिथे भाषा आडवी येते. कर्नाटकाला लागून असलेल्या या पट्ट्यात मुलं घरी मराठवाडी बोली बोलतात, कुणी कन्नड, कुणी दखनी, कुणी गोरमाटी. वहीत मात्र प्रमाण मराठीच चालते. समजा, एखाद्या मुलीने लिहिलं, ‘आज्जी दवाखान्यात गेल्ती. मला लई भ्या वाटलं. आमी खिचडी खाल्लो.’ यावर लाल शाई फिरून ‘गेली होती’, ‘खूप भीती’, ‘आम्ही’ अशा दुरुस्त्या होतील आणि बहुतेक ‘खिचडीचा विषयाशी संबंध नाही’ असंही ठरेल. खरं तर सारं दुःख त्या खिचडीत आहे. आजी नव्हती म्हणून त्या दिवशी भाकरी झाली नाही. पुढच्या वेळी ती मुलगी शहाणी होईल आणि ‘कोरोनामुळे जगात हाहाकार माजला’ असं लिहील. वाक्य बिनचूक असेल आणि त्यात ती कुठेच नसेल. मराठी शिक्षणाला याची जाण नव्हती असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या परिसरातूनच बालशिक्षण उभं केलं. लीलाताई पाटील यांच्या कोल्हापूरच्या ‘सृजन आनंद विद्यालया’ने १९८५पासून मुलांच्या स्वतःच्या अनुभवाला वर्गात जागा दिली. अडचण अशी की हे प्रयोग आपण गौरवतो, पण रोजच्या वहीपर्यंत येऊ देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे. झाकलेलं कशाला उकरायचं? मुलं विसरतात, विसरू द्यावं. याला संशोधनाचा आधारही देता येतो. जेनिफर ड्रेक आणि एलेन विनर यांनी २०१३मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांना वाईट प्रसंग आठवायला सांगून चित्र काढायला दिलं. त्याच प्रसंगाचं चित्र काढणाऱ्यांपेक्षा भलतंच काहीतरी काढणाऱ्या मुलांचा मूड अधिक सुधारला. हा निष्कर्ष मी नाकारत नाही. उलट तो माझ्या म्हणण्याला धरूनच आहे. ‘कोरोनात गमावलेल्या माणसाचं चित्र काढा’ असा विषय फळ्यावर लिहिणं क्रूरपणाच ठरेल. शेळीचं करडू काढावंसं वाटणाऱ्या मुलाला करडू काढू द्यावं. तोही त्याने आपल्या मनावर केलेला इलाजच असतो. पण ड्रेक-विनर यांनी मोजला तो चित्रानंतर लगेचचा मूड. जेम्स पेनबेकरने १९८६मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या आघातांविषयी लिहायला लावलं, तेव्हा लिहिल्याबरोबर त्यांना वाईटच वाटलं, मात्र पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. लहान मुलांच्या बाबतीत असे परिणाम बेताचेच दिसतात, त्यामुळे चित्र-लेखनाला औषध म्हणून विकू नये. दार उघडं असावं आणि आत यायचं की नाही, हे मुलाने ठरवावं, इतकंच. आपल्याकडे अडचण ही की विषय सक्तीचा असतो आणि दार बंद.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. मुलं वाचायला विसरली, वजाबाकी विसरली, आधी ते भरून काढा, भावनांचं नंतर पाहू. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१मध्ये शेजारच्या कर्नाटकासह पाच राज्यांतल्या सोळा हजारांहून अधिक मुलांची पाहणी केली. ९२ टक्के मुलांनी आधीच्या वर्षीचं किमान एक भाषिक कौशल्य गमावलेलं आढळलं. हा आकडा सगळीकडे उद्धृत झाला, पण ती कौशल्यं कोणती होती हे क्वचितच सांगितलं गेलं. चित्राचं किंवा आपल्या अनुभवाचं तोंडी वर्णन करणं आणि चित्रावरून साधी वाक्यं लिहिणं ही त्यांपैकी दोन. म्हणजे जे भरून काढायचं आहे आणि जे ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला ठेवलं आहे, ते बऱ्याच अंशी एकच आहे. आजीच्या खिचडीबद्दल तीन वाक्यं सांगणारी, ती लिहिलेली पाहणारी आणि मग बोट ठेवून वाचणारी मुलगी भाषेचाच तास करत असते, आणि तोही पाठ्यपुस्तकातल्या अनोळखी धड्यापेक्षा जास्त जीव लावून.

राहिला शेवटचा आक्षेप. आमच्या गावाकडच्या मुलांना कसला आलाय ताण? ती रानात हुंदडत होती, विहिरीत पोहत होती, शहरातल्या फ्लॅटमध्ये कोंडलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. यात तथ्य आहे आणि स्पेनच्या मुलांनीही आनंदाची बाजू सांगितलीच होती. पण गावातल्या मुलांना मजा आली की नाही, हे गावातली मोठी माणसंच सांगत आली आहेत. मुलांकडून ऐकलं तर कदाचित विहिरीतली मजाच वर येईल. तीही नोंदवण्याजोगी आहे. आनंद ऐकायला जो बसत नाही, त्याला दुःख सांगायला मूल येत नाही.

मग करायचं काय? त्याला योजना लागत नाही की निधी. आठवड्यातून एक तास बिनविषयाचा ठेवावा. चित्र झालं की मुलाजवळ बसून ‘सांग’ म्हणावं आणि ते जे सांगेल ते त्याच्याच बोलीत, एकही शब्द न बदलता, चित्राखाली लिहावं. मागे तारीख टाकावी. बक्षीस नसावं, मुलाला विचारल्याशिवाय व्हॉट्सअॅपवर फोटो जाऊ नये, आणि एखादं मूल सतत एकाच भीतीपाशी घुटमळत असेल तर अर्थ लावत न बसता त्याच्या घरच्यांशी बोलावं, गरज वाटल्यास जाणकाराकडे पाठवावं. पुढची आपत्ती पुराची असेल, दुष्काळाची असेल किंवा आणखी एखाद्या साथीची. त्या वेळी शाळा सुरू असेलच असं नाही. पण जो शिक्षक वर्षभर असं ऐकत आला आहे, तो पारावर बसूनही ऐकू शकेल, आणि ज्या मुलांना ऐकून घेतलं जाण्याची सवय आहे, ती त्याच्याशी बोलतील. कोरोनाकाळातली मुलं आता मोठी झाली आहेत, मोठी वाक्यं लिहू लागली आहेत. त्यांच्यासाठीही उशीर झालेला नाही. नव्या निबंधमालेचीही गरज नाही. फळ्यावरच्या जुन्या विषयातले शेवटचे दोन शब्द पुसून दुसरे दोन लिहिले की पुरे : ‘शाळा नव्हती तेव्हा’.